अर्धी गोळी

निलीने पहिला शब्द उच्चारला तेव्हा ती नऊ वर्षं चार महिन्यांची होती. तो शब्द होता ‘नको’.

सुमंगला तिला दहीभात भरवत होती. चौथा घास तोंडाशी नेला तशी निलीने मान फिरवली, आईचं मनगट धरलं आणि म्हणाली, “नको.” सुमंगलाला वाटलं, बाहेर कुणीतरी बोललं. तिने घास पुन्हा पुढे केला. निलीने या वेळी हात ढकलला. “नको!”

भात जमिनीवर सांडला. सुमंगला तशीच बसून राहिली. ती अंगणवाडीत सेविका होती. बारा वर्षांत तिच्या हाताखालून शेकडो मुलं गेली होती. कोण कधी पालथं पडलं, कोण कधी बोललं, हे लिहून ठेवणं तिचं कामच होतं. दीड-दोन वर्षांचं मूल ‘नको, नको’ करायला लागलं की आया तिच्याकडे तक्रार घेऊन यायच्या. ती हसून म्हणायची, “अहो, चांगलं आहे की! अक्कल फुटली त्याची.” आज तिच्याच घरात अक्कल फुटली होती आणि हे सांगायला समोर कुणी नव्हतं.

तिने वडिलांना हाक मारली. “अण्णा! निली बोलली!”

इराप्पा म्हेत्रे परसातून धावत आले. बहात्तर वर्षांचा माणूस, हाताला कपडे वाळत घालायची दोरी तशीच गुंडाळलेली. त्यांनी नातीसमोर उकिडवं बसून दहा वेळा विचारलं, “बोल की गं बाळा, काय म्हणालीस?” निली त्यांच्याकडे बघून नुसती हसत राहिली.

“मी ऐकलं न्हाई,” इराप्पा म्हणाले. दिवसभर तेच म्हणत राहिले. “तू ऐकलंस. मी न्हाई ऐकलं.”

*

सुमंगलाचा नवरा शिवानंद हा तिचा आतेभाऊ. इराप्पांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी ती त्याला ‘शिवा’ म्हणायची आणि त्याच्या पाठीत बुक्के घालायची. लग्नानंतर शिवाचा ‘अहो’ झाला. इचलकरंजीच्या त्यांच्या गल्लीत अशी लग्नं घरोघरी होती. आत्या मरणाच्या दारात होती, भावाचा हात धरून म्हणाली, “तुझी पोरगी माझ्या घरात दे.” इराप्पांनी शब्द दिला. कॉलेजातल्या एका मॅडमनी तेव्हा सुमंगलाला रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. इराप्पा उसळून म्हणाले होते, “आपलंच रक्त, त्यात काय तपासायचं?”

निली झाली तेव्हा पहिले तीन महिने सगळं ठीक होतं. मग लक्षात आलं की तिची मान धरत नाही. अंग कापसासारखं. बसायला दोन वर्षं लागली, चालायला पाच, आणि चाल अशी की जणू पायाखालची जमीन हलते आहे. बोलणं नाहीच. चार वर्षांची असताना झटके सुरू झाले. बाकी पोर गोड. कुणाच्याही मांडीवर जाऊन बसे, कुणाच्याही खांद्यावर मान टाकून गुंगीत जाई.

निदान झालं ती सात वर्षांची असताना. तोवर रक्ताच्या एका थेंबावरून सगळी जनुकं दुपारपर्यंत वाचून मिळायला लागली होती. पुण्याच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. फरीदा नदाफ स्वतः इचलकरंजीला आल्या आणि त्यांच्या सोप्यात खुर्ची ओढून बसल्या.

“आपल्या मेंदूत दोन तऱ्हेचे निरोप असतात,” त्या म्हणाल्या. “एक ‘चल’ म्हणणारा, एक ‘थांब’ म्हणणारा. ‘थांब’ म्हणणाऱ्या रसायनाला आम्ही गाबा म्हणतो. तो नसता तर मेंदूतल्या सगळ्या पेशी एकदम बडबडल्या असत्या. गाबाचं काम झालं की त्याचे तुकडे करून विल्हेवाट लावावी लागते. हे काम दोन एन्झाइम करतात, एकामागून एक. निलीच्या शरीरात दुसरं एन्झाइम तयारच होत नाही. त्यामुळे गाबा साचत जातो. शिवाय वाट तुंबली म्हणून त्याचं दुसरंच एक द्रव्य बनतं, गुंगी आणणारं. ती सारखी पेंगते ती त्यामुळे.”

इराप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबरकी केली होती. बिघडलेला माग आवाजावरून ओळखायचे. आता कारखान्यांतून माणसंच उरली नव्हती, पण त्यांचं डोकं अजून तसंच चालायचं.

“एक विचारू का बाई?” ते म्हणाले. “थांबवणारा माल जास्त हाय म्हणता. मग पोरीला झटकं कसं येत्यात? ब्रेक घट्ट असल्यावर गाडी पळंल कशी?”

डॉ. नदाफ त्यांच्याकडे वळल्या. “आजोबा, हाच खरा प्रश्न आहे. गाबा पेशीला निरोप देतो तो पेशीवरच्या दारांतून. अष्टौप्रहर कुणी दार वाजवत राहिलं तर तुम्ही काय कराल?”

“दार लावून घीन.”

“पेशी तेच करतात. निम्म्याहून जास्त दारं बंद करून टाकतात. म्हणजे बाहेर ‘थांब’ म्हणणाऱ्यांची गर्दी, आणि आत कुणाला ऐकूच येत नाही. ब्रेक भरपूर, पण चाकाला लागत नाही.”

उपाय होता. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून त्या एन्झाइमचं जनुक मेंदूत पोचवायचं, एकदाच. पण ते जनुक आपोआप सुरू व्हायचं नाही. एक गोळी त्याची चावी. जितकी गोळी, तितकं एन्झाइम. देशभरात बारा मुलांवर हा प्रयोग होणार होता. पहिले चार महिने पाव गोळी, मग अर्धी, मग पाऊण, असं करत दीड वर्षाने पूर्ण.

“एवढं सावकाश का?” शिवानंदने विचारलं.

“कारण गाबा कमी करणं आमच्या हातात आहे, दारं उघडणं नाही. ती पेशी आपल्या मनाने उघडतात, फार हळूहळू. दारं बंद असतानाच गाबा एकदम ओसरला, तर थांबवणारं काहीच उरणार नाही. मग जो झटका येईल तो आवरणार नाही.” त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “हे एवढंच लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.”

*

पाव गोळीवर निलीची गुंगी उतरली. दुपारी ती जागी राहायला लागली. अर्धी गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात झटके आठवड्याला एकावर आले, आणि तिसऱ्या महिन्यात ‘नको’ आला. त्यानंतर ‘पाणी’. त्यानंतर पंधरा दिवस काहीच नाही.

दर रविवारी तिच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवायची. पट्टी जांभळी व्हायची. गुंगीचं द्रव्य जितकं जास्त, रंग तितका गडद. पट्टीचा फोटो फोनवरून केंद्रात जायचा. पुढच्या महिन्याच्या गोळ्या फ्रिजच्या दारात असायच्या.

हे दोन शब्द सुमंगलाने ऐकले, शिवानंदने ऐकले. इराप्पांनी एकही ऐकला नाही. सुमंगला साडेनऊला अंगणवाडीत जायची, शिवानंद सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या ऑफिसात. दिवसभर निलीजवळ इराप्पाच. ते तिला अंघोळ घालायचे, गल्लीच्या टोकापर्यंत हात धरून चालवायचे, तिच्याशी अखंड बोलायचे. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. तिचे ओठ हलायचे. आवाज यायचा नाही.

“अगदी दातावर आलंय गं तिच्या,” ते सुमंगलाला म्हणायचे. “चाकाचा एक दात पुढं घेतला की माग चालू होईल असं वाटतं.”

“मागाची गोष्ट वेगळी, अण्णा.”

“व्हय, वेगळी.”

त्या रविवारी पट्टी बुडवली आणि सुमंगला चकित झाली. रंग इतका फिका की पांढरा म्हणावा. आजवर असा कधीच आला नव्हता. तिला आनंद झाला. तिने फोटो पाठवला आणि शिवानंदला पट्टी दाखवली. तो पट्टीकडे बघत राहिला. “चांगलं आहे,” म्हणाला आणि बाहेर गेला.

निली त्या आठवड्यात अशी होती की बघत राहावं. डोळे लख्ख. स्वतःहून गल्लीत जायची. सोमवारी तिने शिवानंदच्या शर्टाचं बटण लावलं, एकेक बोट नीट वाकवून. झोप मात्र कमी झाली होती आणि हात थोडे थरथरायचे. मंगळवारी संध्याकाळी डॉ. नदाफांचा फोन आला. “पट्टी एकदम फिकी आहे. बहुतेक पट्टीच खराब निघाली असेल. उद्या सकाळची पुन्हा पाठवा. आणि गोळी अर्धीच देताय ना?”

“हो, अर्धीच. मी स्वतः देते,” सुमंगला म्हणाली. हे खरं होतं.

बुधवारी सकाळी तिने पट्टी बुडवली, फोटो पाठवला आणि कामावर गेली. अकरा वाजता ती एका बाळाचं वजन करत होती तेव्हा इराप्पांचा फोन आला. ते बोलत नव्हते, नुसता श्वास ऐकू येत होता. मागे पलंग हादरत असल्याचा आवाज.

*

मिरजेच्या हॉस्पिटलात निली पाच दिवस होती. पहिला झटका सत्तावीस मिनिटं चालला. दुसरा मध्ये न थांबता तिसऱ्यात मिसळला. झटके थांबवणारी जी औषधं होती ती सगळी त्याच बंद दारांवर जाऊन आदळत होती, डॉ. नदाफ पुण्याहून आल्या आणि त्यांनी हे सुमंगलाला सांगितलं, कारण सुमंगलाने विचारलं. सोमवारी दुपारी, सुमंगला तिच्या पायाला तेल लावत असताना, निली गेली.

माती देऊन घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डॉ. नदाफ पुन्हा आल्या. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, सुमंगलाशेजारी सतरंजीवर बसल्या.

“मला हे आत्ता विचारायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “पण नियमाप्रमाणे एक मूल दगावलं की चौकशी संपेपर्यंत सगळ्यांचं औषध थांबवावं लागतं. बाकीच्या अकरा मुलांच्या गोळ्या परवापासून बंद होतील. त्यातली चार निलीच्या आधी सुरू झाली होती, ती पूर्ण गोळीवर आहेत. त्यांची दारं आता उघडी आहेत. गोळी थांबली की गाबा पुन्हा साचेल आणि या वेळी आत जाईल. ती मुलं श्वास घ्यायचंसुद्धा विसरू शकतात. निलीच्या रक्तात गोळीचं प्रमाण दुप्पट निघालं. जनुकात दोष असेल तर औषध थांबलंच पाहिजे. पण गोळी जास्त गेली असेल, तर औषधाचा दोष नाही. तुम्हाला काही माहीत आहे?”

“नाही,” शिवानंद पटकन म्हणाला.

डॉक्टर गेल्यावर सुमंगलाने फ्रिज उघडला. पुढच्या महिन्याच्या पाकिटातल्या चार गोळ्या गेल्या होत्या. आठ अर्ध्या. आठ दिवस.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. शिवानंद तिच्याकडे बघत नव्हता.

“शिवा,” ती म्हणाली. लग्नानंतरच्या बारा वर्षांत पहिल्यांदा. “तुला माहीत होतं?”

त्याने तोंड झाकून घेतलं. “शनिवारी लवकर घरी आलो तेव्हा बघितलं मी. मामा दुपारी देत होते. मी बोलणार होतो. पण ती त्या दिवशी माझ्याकडे बघून... सुमा, तिनं माझ्याकडे ओळखून बघितलं गं. मला वाटलं, दोन दिवस. दोनच दिवस बघू.”

“रविवारी पट्टी दाखवली तुला.”

“व्हय.”

त्याने तिचा हात धरला. “मामांचं नाव नको घालू. पोलीस येतील. म्हातारा माणूस. आपली तर गेलीच, आता त्यांना...”

“अकरा जणं आहेत,” सुमंगला म्हणाली.

इराप्पा परसात दगडावर बसले होते. निली गेल्यापासून ते तिथंच बसत होते. सुमंगला त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते तिने शब्दशः सांगितलं. अकरा मुलं, गोळ्या बंद, श्वास. आपण फ्रिज बघितला, हे सांगितलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मी दिली,” ते म्हणाले. “दुपारची अर्धी. तू सकाळी द्यायचीस, मी दुपारी. वाढवली की पोर दोन दिवस उजळायची, मी बघत होतो. मला वाटलं, बाई पुस्तकातलं सांगत्यात. माझा हात मागावरचा. कुठं थांबायचं ते कळंल मला.” त्यांचे हात गुडघ्यांवर पालथे पडले होते. “तुला मी या घरात दिली. रक्त तपासू दिलं न्हाई. म्हटलं, मी बिघडवलं ते मीच नीट करून देतो.”

सुमंगलाला ओरडायचं होतं.

“कागद आण,” ते म्हणाले. “तू लिही, मी सही करतो. माझा हात थारत न्हाई.”

तिने अंगणवाडीच्या वहीचा कागद फाडला आणि स्वतःच्या बापाचा जबाब स्वतःच्या अक्षरात लिहिला. तारीख, वेळ, किती गोळी, किती दिवस. ज्या अक्षरात ती दुसऱ्यांच्या मुलांची वजनं लिहायची त्याच अक्षरात. त्यांनी सही केली: इराप्पा मल्लाप्पा म्हेत्रे. सुमंगलाने कागद परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, की रविवारी पट्टी फिकी आली तेव्हा मी लगेच फोन करायला हवा होता, मला आनंद झाला म्हणून केला नाही. तिने सही केली. शिवानंद दारात उभा होता. तिने कागद त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ वाचत राहिला, मग खाली बसून त्यानेही दोन ओळी लिहिल्या.

त्या संध्याकाळी कागदाचा फोटो पुण्याला गेला. गोळ्या एक दिवसही थांबल्या नाहीत. केंद्राने सगळ्या घरी कुलपाच्या डब्या पाठवल्या, ज्यातून दिवसाला एकदाच गोळी बाहेर पडते. पोलिसांनी इराप्पांना दोनदा बोलावलं, चुकून झालेला मृत्यू अशी नोंद केली आणि घरी पाठवलं.

*

इराप्पा घरात राहिले नाहीत. रुकडीला त्यांच्या वाटणीची एक खोली होती, तिथं गेले. जाताना सुमंगलाने त्यांना थांबवलं नाही. शिवानंद त्यांना सोडून आला.

घरात दोघंच उरली. शिवानंद कामावरून वेळेवर यायचा, भांडी घासायचा, तिच्या अंगणवाडीचे तक्ते भरून द्यायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, “आता गर्भातच कळतं म्हणे. चारातल्या तिघांना काही होत नाही.” सुमंगलाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “मला दुसरं मूल नको आहे, शिवा. मला निली पाहिजे.” त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. ‘अहो’ मात्र परत आला नाही. ती त्याला शिवाच म्हणत राहिली, आणि कधी कधी तेवढ्यावरच दोघांचा दिवस निघायचा.

अंगणवाडीत मुलं ‘नको’ म्हणायची. एक दिवस तिला ते सहन होईना, तर ती मदतनीस बाईंच्या हवाली वर्ग करून बसस्टँडवर गेली आणि रुकडीच्या गाडीत बसली. का जात होती ते तिलाही सांगता आलं नसतं. चार महिन्यांत ती एकदाही गेली नव्हती.

खोलीचं दार उघडं होतं. इराप्पा चुलीपुढं बसून भात शिजवत होते. इतके वाळले होते की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. तिला बघून ते उठले नाहीत. भात उतू गेला, तिने झाकण काढलं.

“मला शिव्या तरी दे,” ते म्हणाले.

“येत नाहीत.”

ते काटकीने राख सारत राहिले. मग म्हणाले, “तुला एक सांगितलं न्हाई मी. जबाबातबी घातलं न्हाई. सांगितलं तर तुला वाटंल, म्हातारा स्वतःला सोडवून घ्यायलाय.”

सुमंगलाने झाकण खाली ठेवलं.

“मंगळवारी दुपारी ती माझ्याशी बोलली. एक शब्द न्हाई. दोन.”

ती तिथंच भिंतीला धरून खाली बसली. “काय?”

“दारात हुभी हुती. तू जातीस त्या वाटंकडं बघत. मी म्हटलं, आत चल बाळा, ऊन लागंल. तर माझ्याकडं वळली आणि म्हणाली...” त्यांनी काटकी खाली ठेवली. “‘आई कुठं?’ म्हणाली.”

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली.

“तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“म्हटलं, शाळंत गेलीया, येईल. येतीयाच आता. तर दारातच बसली, तू येस्तोवर. तू आलीस, आणि ती हसली. तू फोन घ्यायला आत गेलीस. मी तेव्हाच सांगणार हुतो. पण मला वाटलं, उद्या तुझ्यासमोरच म्हणंल. तुझ्याच कानानं ऐकशील.”

मंगळवार सुमंगलाला आठवला. निली दारात बसलेली, हसलेली. तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि पुढे गेली होती, कारण डॉक्टरांचा फोन वाजत होता.

“कशी म्हणाली?” तिने विचारलं.

“आं?”

“कशी म्हणाली ते सांगा. आवाज कसा होता?”

इराप्पांनी डोळे मिटले. मग आपल्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजाला जमेल तितकं बारीक करून, मध्ये थांबत, शेवट वर उचलत म्हणाले, “आई... कुठं?”

“पुन्हा.”

“आई... कुठं?”

“अजून एकदा, अण्णा.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. ती चुलीजवळ सरकली, त्यांच्या इतकी जवळ की त्यांचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडता रडता ती प्रत्येक वेळी उत्तर देत होती, “इथं आहे गं बाळा. इथंच आहे.” आणि म्हातारा थांबायचा नाही, ती मान हलवेल तितक्या वेळा तो विचारत राहिला.